बाबांची जीभ आणि कपारीतला मासा

तो मासा माझ्या अंगठ्याएवढा होता. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. तोंडाकडून निघालेला जांभळा रंग पोटाच्या मध्यावर येऊन विरायचा आणि तिथून शेपटीपर्यंत नुसती हळद. आमच्या भिवंडीत कापड रंगवणाऱ्यांची कमतरता नाही, पण दोन रंग एकमेकांत इतके अलगद सोडणारा कारागीर मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या डोळ्यावरून एक काळी रेघ गेलेली होती, त्यामुळे तो कायम रागावलेला दिसायचा. या बाबतीत आमचं दोघांचं छान जमायचं.

मी तो का आणला, याचं खरं उत्तर ‘मिरवायला’ असं आहे. आमच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, मी माझे जुने लूम विकून टाकले आणि पन्नाशीच्या आत माझ्याकडे वेळच वेळ झाला. एका भाडेकरूच्या ऑफिसात मी समुद्री माशांची काचेची टाकी पाहिली. निळा दिवा, खडबडीत दगड, त्यात फिरणारे रंग. तिथेच ठरलं की आपल्या बैठकीच्या खोलीत अशी टाकी हवी. बायको म्हणाली, आपल्या घरात तुळस धड जगत नाही, मासा कुठून जगणार. पण मी कुणाचं ऐकत नाही, ही गोष्ट आमच्या घरापासून पार शेलार गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

माशांचं दुकान निजामपुऱ्यात, लूमच्या दोन कारखान्यांमध्ये चेपलेलं. दुकानदाराने अर्धं आयुष्य लूमवर काढलेलं, त्यामुळे कानाने अधू. तो स्वतः ओरडून बोलायचा आणि समोरच्यालाही ओरडायला लावायचा. त्याने मला टाकी, दगड, पाण्यात मिसळायची समुद्री मिठाची पाकिटं आणि खारेपणा मोजायची प्लास्टिकची एक डबी दिली. डबीत पाणी भरलं की आतला काटा वर उचलला जायचा आणि हिरव्या पट्ट्यात थांबला की सगळं ठीक. आधी एकच मासा ठेवा, तो रुळला तर पुढचं बघू, असं त्याने बजावलं. आणखीही बरंच काही सांगितलं असणार. बाजूला लूम खडखडत होते आणि माझं लक्ष त्या जांभळ्या-पिवळ्या जीवाकडे होतं.

घरी आणल्यावर तो दोन दिवस दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडाच्या एका कपारीत, छताला पोट लावून, उलटा तरंगत असलेला दिसला. मला वाटलं, गेला. मी जाळी घेऊन आलो तर हा सरळ झाला आणि माझ्या दिशेने तोंड वासून उभा राहिला. अंगठ्याएवढा मासा, पण तोंड असं उघडलं की आत सुपारी मावावी.

मग मी मोबाइलवर शोधून शोधून त्याचं गाव पाहिलं. अमेरिकेच्या बाजूला बेटांचा एक समुद्र आहे, तिथे पाणी वर्षभर कोमट आणि तळ दिसेल इतकं नितळ. त्या पाण्यात प्रवाळांच्या उभ्या भिंती. प्रवाळ म्हणजे दगड दिसतो, पण असतो जिवंत. त्या भिंतींना कपारी, कोनाडे, बाहेर आलेले कठडे, आणि कठड्यांच्या खालच्या बाजूला हे मासे डझनांनी लटकलेले, प्रत्येकाचं आपापलं बीळ. जो खडक जवळ, तीच त्यांची जमीन. ती डोक्यावर असली तर हे उलटे पोहतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. प्रवाहाबरोबर डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे वाहत येतात, ते एकेक करून टिपायचे आणि बिळात परत यायचं, एवढंच त्यांचं आयुष्य.

हे सगळं मी बाबांना दाखवलं. बाबा तेव्हा ऐंशीला टेकले होते. त्यांचं अख्खं तारुण्य खाडीकाठच्या मिठागरावर गेलं. तिथे भरतीचं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, ऊन पाणी पितं आणि मीठ खाली राहतं. पाणी पुढच्या वाफ्यात कधी सोडायचं हे बाबा बोट बुडवून, जिभेच्या टोकाला लावून सांगायचे. त्यांची जीभ चुकली असं कुणी म्हटल्याचं मी लहानपणी ऐकलेलं नाही. मिठागर बंद पडलं, पण जिभेचा मान राहिला होता. लोणच्याच्या दिवसांत आणि मासळी खारवायची असली की आमच्या आळीतल्या बायका वाटीत थोडा खार घेऊन बाबांकडे यायच्या. बाबा चाखायचे आणि सांगायचे, अजून मूठभर, किंवा बास. शब्द तेवढेच, पण त्या दिवशी ते जरा ताठ चालायचे.

मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी तो समुद्र पाहिला. तिकडे चिखल नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. चिखल नाही तर हा खातो काय, याची त्यांना खरोखर काळजी वाटली. मग तो आपल्याकडच्या बांधातल्या चिखलात राहणाऱ्या निवटी माशासारखा बिळावर कुणाला येऊ देत नाही, हे पाहून ते खूश झाले. रोज सकाळी चहाच्या आधी टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे. बोट काचेला लावायचे, मासा तोंड वासायचा, बाबा हसायचे. दहा वर्षं आम्ही दोघे एकमेकांशी जेवणाखाणापुरतं बोलत होतो. त्या माशामुळे आम्हाला विषय मिळाला होता. हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

टाकीतलं पाणी आठवड्याला चार बोटं कमी व्हायचं. वर पंखा, बाजूला दिवा. दर रविवारी मी बादलीत पाकिटातलं मीठ कालवून ते खारं पाणी टाकीत ओतायचो आणि पातळी पूर्वीसारखी करायचो. समुद्राचा मासा, समुद्राचं पाणी. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. डबी भरून बघायचो, काटा हिरव्या पट्ट्यात. मी खूश.

नवरात्राच्या सुमारास बाबांनी एका सकाळी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. थोडा वेळ तोंडातल्या तोंडात चव घोळवली आणि म्हणाले की पाणी जड झालंय. मी डबीतला काटा दाखवला. त्यांनी काट्याकडे पाहिलं, पण त्यांना तो पटला नाही. चारआठ दिवसांनी पुन्हा बोट, पुन्हा तेच. या वेळी मी भडकलो. बाबांना तंबाखूची सवय. डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन उजव्या बोटाने मळायचे, तेच बोट टाकीत. तंबाखू म्हणजे माशाला विष, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खोटंही नाही. मी त्यांना सांगितलं की यापुढे टाकीत बोट घालायचं नाही. आवाज चढला होता. तरी दोनतीनदा मी त्यांना माझ्या नकळत बोट बुडवताना पकडलं. ते चोरून बघत होते, कारण त्यांना चिंता वाटत होती. मला वाटलं, मुद्दाम करतायत.

दिवाळीनंतर मासा कपार सोडून पाण्याच्या वरच्या थराला येऊन राहू लागला. त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलायचे. जांभळा रंग धुतलेल्या कपड्यासारखा फिका पडला. उलटं पोहणं बंद. मी काचेला बोट लावलं तर त्याने तोंडसुद्धा उघडलं नाही. मी आणखी एक बादली ताजं खारं पाणी कालवून ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगडामागे पडलेला सापडला.

त्या वेळी घरात शेजारची दोन माणसं गोदामाच्या कामासाठी आलेली होती. बायको होती, बाबा होते. मी मासा जाळीत उचलला, बाबांच्या समोर धरला आणि म्हणालो, "बघा, तुमच्या तंबाखूच्या बोटानं मारला याला."

बाबांनी माशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. उठून बेसिनपाशी गेले आणि साबण लावून हात धुतले. खूप वेळ नळ चालू होता. शेजारची माणसं नंतर येऊ म्हणून निघून गेली.

त्या दिवसापासून बाबांनी तंबाखू सोडली. साठ वर्षांची सवय, डॉक्टरांनी सांगून झालं, आई होती तोवर तिने भांडून झालं, तेव्हा सुटली नव्हती. आता तंबाखूची डबी कपाटावर ठेवली ती ठेवलीच. लोक म्हणाले, छान झालं. मीसुद्धा म्हणालो. त्यांनी टाकीसमोर बसणं सोडलं, याकडे मात्र मी काणाडोळा केला. बैठकीतून जाताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून जायचे.

महिनाभराने मी आणि बायको कपडे घ्यायला निजामपुऱ्यात गेलो होतो. तसंच पुढे दुकानात डोकावलो, दुसरा मासा बघावा म्हणून. दुकानदाराने पहिल्याचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्याने विचारलं, टाकीतलं पाणी घटल्यावर काय ओतत होतात? खारं पाणी, मी ओरडून म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला.

"सेठ, पानी उड़ता है. नमक थोड़े ही उड़ता है. ऊपर से सादा, मीठा पानी डालना था."

मी म्हटलं, पण काटा हिरव्यातच असायचा. डबी दर वेळी गोड्या पाण्याने धुता का, त्याने विचारलं. मी धूत नव्हतो. मग काट्यावर मीठ साचतं, काटा जड होतो आणि खोटं दाखवतो, असं त्याने समजावलं. बायको बाजूला उभी होती. तिने सगळं ऐकलं.

पाणी उडतं आणि मीठ राहतं. ज्या घराने तीन पिढ्या याच एका गोष्टीवर भाकरी खाल्ली, त्या घरातल्या मुलाला हे दुकानदाराने शिकवायला लागावं. मी बैठकीत चार महिने मिठागरच चालवत होतो. बाबांनी ते पहिल्याच बोटात ओळखलं होतं. दोनदा सांगितलंही होतं.

रिक्षात बायको म्हणाली, आज घरी गेल्यावर बाबांना सांगून टाका. मी हो म्हणालो. घरी गेलो तर बाबा झोपलेले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग मला एक सोयीचा मुद्दा सापडला. सांगितलं तर बाबा पुन्हा तंबाखू सुरू करतील. त्यांच्या तब्येतीसाठी गप्प राहणंच बरं. हा मुद्दा इतका चांगला होता की मी बायकोलाही तो ऐकवला. ती म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. नंतर तिने विषय काढला नाही. खरं एवढंच होतं की मी चारचौघांत बोललो होतो आणि आता मला चारचौघांत शब्द मागे घ्यायचा नव्हता. मी दुसरा मासा आणला, तसाच जांभळा-पिवळा. गोडं पाणी ओतू लागलो. तो मजेत राहिला, कपारीत उलटा. बाबांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होत होता, ते उघड होतं. त्यांचं बोट गेलं आणि मासा जगला.

चैत्र सरता सरता कैऱ्या आल्या. समोरच्या घरातली म्हातारी नेहमीप्रमाणे लोणच्याचा खार वाटीत घेऊन आली आणि बाबांपुढे धरला. बाबांनी वाटी हातातसुद्धा घेतली नाही.

"दुसऱ्या कुनाला तरी दाखव बाय," ते म्हणाले. "मना आता न्हाय कलत."

म्हातारी चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी पेपरात तोंड घातलं. मला लाज वाटली, साधी लाज, कानशिलं तापवणारी. मी त्यांच्याकडून नुसतं टाकीत बोट घालणं काढून घेतलं नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दोन दिवसांनी मी त्यांना वज्रेश्वरीला नेलं. त्यांचे गुडघे धरले होते आणि गरम कुंडात पाय सोडून बसलं की त्यांना बरं वाटायचं. आम्ही दोघेच होतो. कुंडाच्या काठावर माणसं पाय बुडवून, अंगावर पाणी घेत बसली होती. मी बाबांना हाताला धरून पायरीवर बसवलं. त्यांनी पाय सोडले. हात मात्र मांडीवर ठेवलेले, मुठी मिटलेल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, अगदी हळू, त्यांनी विचारलं,

"हात घालू का?"

तिथे कुठला मासा नव्हता, कुणाची टाकी नव्हती. शेकडो लोकांनी पाय धुतलेलं पाणी होतं आणि ऐंशी वर्षांचा माझा बाप त्यात हात घालायला माझी परवानगी मागत होता.

मी सगळं सांगितलं. पाणी कसं आटत होतं, मी कसं खारं ओतत गेलो, काट्यावर मीठ कसं बसलं, मासा कशाने मेला. तुमची जीभ बरोबर होती, चूक माझी होती, असं सरळ म्हणालो. बाबा पाण्याकडे बघत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मना वाटलं जीभ गेली माजी," ते म्हणाले. "रातचा इचार करायचो. पानी तं खारट लागलं व्हतं. मग वाटायचं, म्हातारपनी काय भरवसा."

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, गुडघ्यावर सोडलं, पुन्हा घेतलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. इतका मोकळा मी तो पाच महिन्यांत पाहिला नव्हता. मग त्यांनी सहज, माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुना कवा कललं?"

एवढाच प्रश्न होता. खरं उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. इतकं सांगून झालं होतं, आणखी तेवढं जड नव्हतं. पण ते उत्तर दिलं असतं तर मधले चार महिने माझ्या अंगावर आले असते. त्यांच्या रात्री, लोणच्याची वाटी, पाठीमागे बांधलेले हात, सगळं. चूक कुणाच्याही हातून होते. ते चार महिने चूक नव्हते.

"काल," मी म्हणालो.

बाबांनी मान डोलावली आणि पाय पाण्यात हलवत राहिले.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. बाबांनी चपला काढायच्या आधीच तिला सांगायला सुरुवात केली. जीभ बरोबर होती, पाणी खरंच खारट होतं, मासा त्याने मेला. ती ऐकत होती आणि तिला बरं वाटत असल्याचं दिसत होतं. मग बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी माझ्या लग्नानंतर ठेवला नसेल.

"काल कललं न् आज लगेच येऊन सांगितलं," ते तिला म्हणाले. "तापट हाय, पन पोटात ठेवत न्हाय. पोर सरल हाय माजं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दुकानात ती माझ्या शेजारी उभी होती, तेव्हा थंडी सुरू होत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चहा ठेवते म्हणून ती आत गेली.

मी बाबांना टाकीपाशी नेलं, झाकण सरकवलं आणि म्हटलं, घाला बोट, सांगा कसं आहे पाणी. ते हसले. आता कशाला, तुला येतंय की, असं म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आता बाबा रोज सकाळी टाकीसमोर बसतात. बोट काचेला लावतात, पाण्याला नाही. घरी कुणी आलं आणि माशाकडे पाहून काही बोललं की ते ही हकिगत सांगतात. जिभेचं थोडक्यात सांगतात, माझं सविस्तर. काल कळलं, आज सांगितलं. आलेला माणूस कौतुकाने माझ्याकडे बघतो. मी उठून पंखा वाढवतो, नाहीतर पाणी आणायला आत जातो. आत बायको असते.